बोटभर गुंजाईश

नरवाडे मिस्त्री ज्या कामाला ‘होतंय की’ म्हणत ते कधीच होत नसे, आणि ज्याला ‘न्हाई होत’ म्हणत ते हमखास होई. ही एवढी एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती, तर माझे तीन आठवडे, एक चप्पल आणि पुष्कळसा राग वाचला असता. पण जे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. मी हिमायतनगरची माहेरवाशीण, लातूरची सून आणि नोकरीपुरती नांदेडकर. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही असा माझा आपला साधा समज होता.

जुन्या नांदेडात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटी नव्हती, पाटीच्या जागी एक गंजलेलं चाक टांगलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मिस्त्री पायरीवर बसून कुठल्याशा शाळकरी सायकलीच्या तारा आवळत होते. साठी उलटलेली, अंग किरकोळ, खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्पोकची एक तार. माझ्या पुढे एक गृहस्थ गिअरची नवी कोरी सायकल धरून उभे होते. मिस्त्रींनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. “होतंय की. बेस्तरवारी या,” म्हणाले. गृहस्थ खुशीत गेले.

मग त्यांनी माझी सायकल पाहिली. हातातलं चाक खाली ठेवलं, उठले, सायकलीभोवती एक पूर्ण फेरी मारली. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात बोट घातलं, मागच्या सांध्यात घातलं, वाकून पायडलच्या खाली पाहिलं. चांगली पाच मिनिटं गेली.

“काय करायचंय?”

“मडगार्डं बसवायचीत. आणि टायर जरा जाड हवेत.”

“चालवणार कोण?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, सायकलीच्या आडव्या दांडीकडे पाहिलं. पण हसले नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. “कोणत्या खात्याची हाय ही?” एवढंच विचारलं. आणि मी उत्तर द्यायच्या आत मान हलवून म्हणाले, “न्हाई होत म्याडम.”

मला भयंकर राग आला. त्या गिअरवाल्याला न बघता होकार, आणि आमची पाच मिनिटं तपासणी करून नकार. मी सायकल वळवली आणि मागे न बघता चढ चढून आले.

‘कोणत्या खात्याची’ हा प्रश्न तसा अगदीच चुकीचा नव्हता. ती सायकल माझ्या वडिलांची, अण्णांची. अण्णा शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते आणि किनवट-माहूरच्या जंगलातल्या शाळा तपासत हिंडायचे. माझ्या जन्माआधी कधीतरी एक गोरा प्रवासी या सायकलीवरून किनवटपर्यंत आला आणि तापानं आडवा झाला. अण्णांनी त्याला आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवून घेतलं, आईनं त्याला अकरा दिवस ज्वारीची पेज करून घातली. बरा झाल्यावर तो रेल्वेनं गेला आणि जाताना सायकल अण्णांच्या हातात देऊन गेला. सायकलीवर थाप मारून तो सारखा ‘टूरिंग, टूरिंग’ म्हणत होता. आता अण्णांच्या आयुष्यात टूर म्हणजे दौरा, आणि दौरा म्हणजे खात्याचा. गोरासुद्धा त्याच्या देशात शाळा तपासत असणार, असं अण्णांनी धरूनच टाकलं. त्यांनी त्याला आपली टूर डायरी काढून दाखवली होती आणि गोऱ्यानं ती फार आदरानं पाहिली, असं ते अजूनही सांगतात. घरात त्या सायकलीचं नाव ‘दौऱ्याची सायकल’ असंच पडलं.

सायकल देखणी, हलकी, मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल. पण तिला मडगार्डं नव्हती, आणि बसवावीत तर चिमट्यात चाक असं घट्ट की मध्ये जेमतेम पोस्टकार्ड जाईल. पावसाळ्यात अण्णा शाळेत पोचत तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपासून मानेपर्यंत काळ्या चिखलाचा एक पट्टा उठलेला असे. पोरं त्याला साहेबाची शेपूट म्हणायची. अण्णा टापटिपीचे, त्यांना हे फार लागायचं. त्यामुळे पावसाळाभर ते भिंतीला पाठ लावून तपासणी करत. फळ्यावर काही लिहून दाखवायचं असलं तरी उठत नसत, कारण उठलं की वर्गाकडे पाठ होणार. तालुक्यातला एकही मिस्त्री त्यांनी सोडला नाही. सगळ्यांनी हात टेकले.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांच्या डोळ्यांचा काचबिंदू फार वाढल्याचं कळलं. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर येत नाही, आणि राहिलेली दिवाळीपर्यंत टिकेल असं धरून चालू. परतीच्या वाटेवर गाडीत अण्णा म्हणाले, “सुमे, त्या सायकलीला एकदा मडगार्ड लागलेलं बघायचं होतं गं.” नातवाचं लग्न नाही, माहूरचं दर्शन नाही, हे! मी हसणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून हसू आलं नाही. मी हिमायतनगरहून, भावाकडून, सायकल नांदेडला आणली ती या कारणानं.

मिस्त्रींकडून निघाल्यावर मी आणखी तीन दुकानं पालथी घातली. तिन्ही ठिकाणी मला आनंदानं ‘होऊन जाईल म्याडम’ म्हणाले. पहिला म्हणाला, चिमटा ठोकून फाकवू. दुसऱ्यानं एक मडगार्ड मधोमध कापून अर्धं बसवून दाखवलं, ते पुलाच्या अलीकडेच गळून पडलं. तिसऱ्यानं सायकल आठवडाभर ठेवून घेतली आणि फक्त पुसून परत दिली. आषाढ संपत आला होता. शेवटी मी पुन्हा नदीकडची गल्ली उतरले. मनात म्हटलं, निदान ‘नाही’ म्हणायला तरी या माणसानं पाच मिनिटं लावली होती.

मिस्त्री मला बघून वैतागले. “कुठं होताव म्याडम तुम्ही? टायर कवाचे आणून ठेवलेत म्या.”

“टायर? तुम्ही तर नाही म्हणालात!”

“हाव. म्हणलो की.”

“मग आणले कशाला?”

आता ते गोंधळले. खरोखर कुणाचं चुकलं ते दोघांनाही कळत नव्हतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून त्यांच्या पत्नी, नरवाडे काकू, चहा घेऊन खाली आल्या आणि त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं. “ह्यांनी न्हाई म्हणलं म्हंजी काम धरलंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कामून गेलाव? जे जात न्हाई त्याचंच करतेत हे. अन् ‘होतंय की, या’ म्हणले की समजायचं, न्हाई करत.”

“आणि तो गिअरवाला?”

“त्यो येतोय बिचारा दर बेस्तरवारी.”

मी मिस्त्रींना विचारलं, असं का? त्यांनी तार आवळता आवळता सांगितलं. “हो म्हणलं की हात गाफील होतो. न्हाई म्हणलं की हाताला राग येतो, मग त्यो करून दाखवतो.”

“बरं, मग ज्यांचं करायचं नाही त्यांना सरळ नाही का म्हणत नाही?”

“माणसाला तोंडावर न्हाई कसं म्हणावं? जीव दुखतो त्याचा.”

“मला म्हणालात की तोंडावर!”

“तुम्हाला कुठं म्हणलं? सायकलीला म्हणलं.”

मी चहा प्यायले.

नियम समजला असं वाटून मी तो वापरायला लागले आणि आणखी गोंधळले. बिस्किट घेणार का विचारलं, ‘न्हाई’ म्हणाले. मी पुढे केलं, तर खरंच नको होतं. काकू घरात आहेत का विचारलं, ‘हाव’ म्हणाले, म्हणून मी परत फिरले, तर काकू वरून हाक मारायला लागल्या. मी काकूंना विचारलं, हा नियम नेमका कशाकशाला लागू आहे? त्या म्हणाल्या, “हातात घेतलेल्या कामापुरता. बाकी ते आपल्यासारखंच बोलतेत.” मग वर जाता जाता म्हणाल्या, “बहुतेक.” चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला जिथं ‘बहुतेक’ म्हणावं लागतं तिथं माझा काय पाड?

काम मात्र ते असं करत की बघत बसावं. कॉलेज सुटलं की मी स्टुलावर जाऊन बसू लागले. त्यांची सगळी विद्या एका शब्दात होती, गुंजाईश. टायर आणि चिमटा यांच्यातली जागा म्हणजे गुंजाईश. साखळीला ढील म्हणजे गुंजाईश. गल्लीतून रिक्षा गेली तर भाजीवाल्याच्या टोपलीला लागू नये, तीही गुंजाईश. “म्याडम, ह्या चिमट्यात गुंजाईश न्हाई. चिमटा तर वाढत न्हाई. मग काय कमी करायचं?” त्यांनी मला विचारलं, मी वर्गात विचारते तसं. “चाक!” ते म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की पाना खाली पडला. “चाक लहान केलं की पाऊण इंच जागा वरती सुटली. आता तिथं जाड टायर बी मावतो अन् मडगार्ड बी मावतं. शेहचाळीस मिस्त्र्यांनी चिमट्याकडं बघितलं असंल. चाकाकडं कुणी बघितलंच न्हाई.”

लहान चाकं त्यांनी शाळेत मुलींना वाटतात त्या सायकलींची आणली होती. सातासमुद्रापलीकडून आलेल्या त्या सायकलीला आठवीतल्या पोरींच्या सायकलीचे टायर! मला कसंसंच झालं. पण ते बसले, आणि चांगले गुबगुबीत दिसले. मग नवीनच घोळ निघाला. चाक लहान झाल्यावर ब्रेक चाकापर्यंत पोचेनात. मिस्त्री एक लोखंडी पट्टी घेऊन चार दिवस कानशीनं घासत बसले. ब्रेक तिच्यावर बसवून खाली उतरवायचे होते. मी गेले की ते पट्टी लावून बघत आणि म्हणत, “न्हाई होत.” पहिल्या दिवशी साधं. दुसऱ्या दिवशी जरा ठासून. चौथ्या दिवशी तर एवढ्या उत्साहात म्हणाले की मी पेढे आणायला उठले. खरंच, त्या संध्याकाळी ब्रेक लागले.

त्या चार दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. त्यांचे पाय सुजलेले असायचे. चपलेचा अंगठा कापून काढला होता. मध्येच कानस ठेवून ते डोळे मिटून बसत आणि तोंडाला कोरड पडल्यासारखं करत. काकू वरून ओरडायच्या, “दवाखान्यात जायचंय न्हवं? डॉक्टरनं लघवी तपासायला सांगितलीय.” ते खालून म्हणायचे, “होतंय की. जाऊ.” मी ते ऐकलं होतं. नियम मला शिकवलेला होता. तरी माझं सगळं लक्ष त्या ब्रेककडे होतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

मडगार्डवरून आमचं भांडण झालं. मी मोबाइलवर परदेशातल्या अशा सायकलींची चित्रं पाहून ठेवली होती. त्यात मडगार्ड टायरला कसं अगदी लगटून, दोघांत एक सारखी बारीक फट. मिस्त्रींनी मडगार्ड लावलं ते टायरपासून चांगलं बोटभर वर. चाकाच्या डोक्यावर कुणी छत्री धरावी तसं दिसत होतं. मी चित्र दाखवलं.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. “लई देखणं हाय. तिथं माती कोणती असंल?”

“ते कुठे दिलेलं असतं?”

“न्हाई, म्हणून विचारलं.” त्यांनी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये आपलं पहिलं बोट घातलं आणि चाक फिरवलं. चाक बोटाला न लागता फिरत राहिलं. “एक बोट गुंजाईश पायजे. आपल्याकडं पायजे.”

“मला हे खाली घेऊन हवंय. अण्णांना नीट दिसलं पाहिजे, छान दिसलं पाहिजे.”

“होतंय की,” मिस्त्री म्हणाले. “परवा या.”

परवा गेले तर मडगार्ड जागच्या जागी. आता म्हणाल, कळायला नको होतं का? नाही कळलं. रागात माणसाला नियम आठवत नाहीत. मी तरातरा सायकल घरी नेली, स्वतः पाना घेतला आणि मडगार्ड खाली घेतलं. अगदी चित्रातल्यासारखं झालं. दोन दिवसांची झड नुकती थांबली होती. दुसऱ्या सकाळी मी ऐटीत गावाबाहेर निघाले आणि हौसेनं डांबरी सोडून एका शेतरस्त्याला लागले. शंभर पावलं गेले असेन. काळी माती टायरला धरायला लागली, टायरची मडगार्डात गेली, तिथं ठासून बसली आणि पुढचं चाक जागीच थांबलं. मी उतरले. मागचंही थांबलं. ढकलावी तर सायकल घसरत चालली, चाकं फिरायला तयार नाहीत. शेवटी मी ती उचलली आणि गुडघाभर चिखलातून परत आले. एक चप्पल तिथंच राहिली. अजून तिथंच असेल.

तशीच, चिखलानं माखलेली, मी मिस्त्रींच्या दारात उभी राहिले. ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. जुन्या करवतीचं एक पातं घेतलं आणि मडगार्डातली माती खरवडायला बसले. ढेकळामागून ढेकूळ निघत होतं. सगळी निघाल्यावर त्यांनी मडगार्ड ढिलं केलं, वर नेलं आणि पुन्हा बोट घातलं. मग मला म्हणाले, “आता तुमचं घाला.”

मी माझं बोट घातलं. त्यांनी चाक फिरवलं. बोटाला नुसती हवा लागली.

“ही माती धरून ठेवती म्याडम,” ते म्हणाले. “तिच्यासंगं राहायचं तर तिला बी जागा ठेवावी लागती.” आणि मला पाय धुवायला बादली दाखवली.

नवरात्रात मी सायकल हिमायतनगरला नेली. “चालवत नेणार का?” मिस्त्रींनी विचारलं होतं. मी म्हटलं, एवढी हिंमत नाही, रेल्वेनं नेते. “बरंय. रेल्वेला मडगार्डची फिकीर न्हाई,” म्हणाले. स्टेशनपासून घरापर्यंत मात्र मी चालवत गेले. परतीच्या पावसानं आमच्या गल्लीची पार दलदल झाली होती.

अण्णा ओट्यावर खुर्चीत बसले होते. एव्हाना त्यांना नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. “उभी कर. हलवू नको,” म्हणाले. आणि पुढच्या चाकापासून सुरुवात करून, मान हळूहळू फिरवत, त्यांनी मडगार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एका वेळी वीतभर. मागच्या चाकाशी पोचायला त्यांना बराच वेळ लागला. “बसलं की गं,” म्हणाले.

मग म्हणाले, “चिखलातनं आण बरं.” मी नळापाशी साठलेल्या पाण्यातून तीन वेळा नेली-आणली. एकावन्न वर्षांची बाई चिखलात घिरट्या घालतेय म्हणून शेजारच्या दारांत माणसं जमली. “आता ये इकडं. पाठ कर.” मी त्यांच्यापुढे पाठमोरी उभी राहिले. अण्णांनी माझ्या मानेपासून कमरेपर्यंत तळवा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

“कोरडी आहे,” ते म्हणाले. “मिस्त्री कोण म्हणालीस?”

“नरवाडे.”

“त्यांना म्हणावं, आता फळ्यावर लिहिता येईल.”

हा निरोप आणि सायकल घेऊन मी दसऱ्यानंतर गल्ली उतरले तर दुकानाचं शटर खाली. काकूंनी वर बोलावलं. मिस्त्री खाटेवर होते. तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले. दोन्ही किडन्या गेल्याचं आठवड्यापूर्वी कळलं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागत होतं. काकू हळू आवाजात सांगत होत्या. मला त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना, कारण ‘होतंय की, जाऊ’ हे मीही ऐकलं होतं.

मी अण्णांचा निरोप सांगितला. शेपटीची गोष्ट, भिंतीला पाठ लावायची गोष्ट, सगळं सांगितलं. मिस्त्री पोट धरून हसले, मग खोकले. “म्हंजी साहेबाला फळ्यापर्यंत जायला गुंजाईश नव्हती म्हणा की,” म्हणाले.

निघायच्या आधी माणूस विचारतो तसं मी विचारलं, “आता बरं होतंय ना, मिस्त्री?”

“होतंय की,” ते म्हणाले. “दिवाळी झाल्यावर या.”

मी ‘बरं’ म्हणून उठलेसुद्धा. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेले आणि मग ते काय म्हणाले ते माझ्या डोक्यात शिरलं. काकूंच्या केव्हाच शिरलं असावं. त्या भिंतीकडे तोंड करून चादरीची घडी घालत होत्या, घातलेली घडी पुन्हा मोडून घालत होत्या. मला काय करावं कळेना. मला मिस्त्रींबद्दल एकच गोष्ट नक्की माहीत होती. जे जात नाही त्याचं काम ते करतात. मी परत आले आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

मिस्त्रींनी डोळे मिटले होते. अर्धा तास तरी मी तशीच बसून होते. मग त्यांनी डोळे उघडले.

“गेला न्हाईत?”

“नाही.”

“सायकल कुठाय?”

“खाली उभी आहे.”

“माती धरती का?”

“नाही. बोट जातं अजून.”

त्यांनी मान हलवली. मग ते माझ्याकडे बघेनात. चादरीच्या घडीकडे, काकूंच्या हातांकडे बघत राहिले आणि चांगलं स्पष्ट म्हणाले, “न्हाई होत म्याडम.”

काकूंचे हात थांबले. त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम असा उजेड आला की मी बघतच राहिले. “म्हणले बगा!” त्या मला म्हणाल्या. “ऐकलाव न्हवं? म्हणले!” आणि डोळे पुसत, भरभर चहा टाकायला गेल्या. मिस्त्रींनी पुन्हा डोळे मिटले. मी त्यांना विचारायला हवं होतं, की हे कुणाला म्हणालात, मला की सायकलीला.

नवव्या दिवशी ते गेले.

त्या दुपारी त्यांनी काम हाती घेतलं होतं, की एकदाच चारचौघांसारखं साधं खरं बोलले होते, की खरं बोलताना काकूंना नऊ दिवस ते ‘काम धरलंय’ असं ऐकता येईल अशा बेतानं बोलले होते, याचा मी अजून विचार करते आणि मला काही कळत नाही. अण्णांना आता काहीच दिसत नाही. सायकल मी चालवते. कधी नदीकडे गेले की काकूंकडे वर जाते. त्या चहा देतात, इकडचं तिकडचं बोलतात, आणि मी उठायला लागले की दर वेळी माझा हात धरून तेच विचारतात.

“म्याडम, तुम्ही होताव की तिथं. न्हाई होत म्हणले होते न्हवं त्यांनी? मग गेले कसे?”